मुंडावळ्यांतला इंजिनियर

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात बाटल्यांची बुचं बनायची. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, आणि तो चालवणाऱ्या आम्ही दोघी: मी आणि माझी मालवणी मैत्रीण. तो बिघडला की दुरुस्तीला ठरलेला एक तरुण इंजिनियर यायचा. त्याचं लग्न होतं त्याच सकाळी कॉम्प्युटर बसला. फ्लॉपी घरघरायची, कॉम्प्युटर सुरू करणारं डॉस चढायला लागायचं आणि मध्येच 'पॅरिटी चेक' अशी अक्षरं येऊन सगळं ठप्प. दुसरी फ्लॉपी घातली, तरी तेच.

आम्ही दोघी लग्नाला जायचं म्हणून ठेवणीतल्या साड्या नेसूनच आलो होतो. साहेब म्हणाले, "तो उद्या महाबळेश्वरला जाणार. आहेर देताना विचारूनच या!"

"स्टेजवर, साहेब?"

"मग कुठे?"

मुलुंडच्या हॉलमध्ये पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरा-नवरीला भेटायला ही मोठी रांग. आमचा नंबर आला. मी पाकीट पुढे केलं आणि हळूच म्हटलं, "अभिनंदन. आपला कॉम्प्युटर सुरू होत नाहीये."

मुंडावळ्या बाजूला सारत त्यानं विचारलं, "दुसरी फ्लॉपी घालून पाहिलीत?"

"तेच होतं."

"मग डॉस ठीक आहे, मेमरी बघा." त्यानं उपरण्यातल्या अक्षता वेचल्या आणि खुर्चीच्या रुंद हातावर ओळीनं मांडल्या. "या समजा मेमरीच्या चिपा. गरम-गार होऊन जागेवरून वर सरकतात. वायर काढा, झाकण उघडा आणि एकेक अंगठ्यानं दाबा. अशी. पण आधी पेटीच्या पत्र्याला हात लावा हं, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल."

मागे रांग खोळंबली होती. फोटोग्राफर ओरडला, "अहो, इकडे बघा ना!" नवरी मात्र वाकून अक्षता बघत होती. ती हसून म्हणाली, "अजून काय विचारायचंय ते आत्ताच विचारून घ्या, ताई. महाबळेश्वरला फोन नको!" सगळं स्टेज हसलं.

आम्ही धावतपळत रिक्षा पकडली. ऑफिसात पदर खोचले, झाकण काढलं. मी दाबायला लागले. तिसऱ्या ओळीत एका चिपेनं कट्‌ असा आवाज केला आणि ती आत बसली.

"बसली गो!" मैत्रीण ओरडली.

वायर लावली, बटण दाबलं. फ्लॉपी घरघरली, डॉस चढलं, आणि काळ्या स्क्रीनवर हिरवा कर्सर लुकलुकायला लागला. आम्ही एकमेकींना मिठीच मारली.

आवाज ऐकून साहेब आले. स्क्रीन पाहून खूश झाले. मग म्हणाले, "जेवलात ना व्यवस्थित?"

"जेवण राहिलंच, साहेब!" मी म्हटलं. मसालेभात, जिलबी, सगळं तसंच सोडून आलो होतो. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि स्वतः खाली जाऊन वडापाव घेऊन आले. जरीच्या साडीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही पोट धरून हसत ते खाल्ले.