कोणी राह्यलं काय?

"कोणी राह्यलं काय?" हे विचारल्याशिवाय तिने कधी डबल बेल दिली नाही. एक पाय पायरीवर, हात दोरीवर आणि मान मागच्या रस्त्याकडे.

अमरावती-मोर्शी गाडीची ती कंडक्टर आणि मी बँकेतली, रोजची अपडाऊनवाली. तुम्ही रोज एकाच गाडीने गेला असाल तर सांगायला नको, कंडक्टरचा मूड तोच गाडीचा मूड. पाय पसरून बसलेल्या गृहस्थाला ती म्हणायची, "जावईबापू, पाय घ्या जरा." अख्खी गाडी दात काढायची आणि पाय आपोआप आत जायचे.

मग एका हिवाळ्यात ती बदलली. आम्ही शाली गुंडाळून बसलेलो, आणि ही खिडकी उघडून घामाने निथळत उभी. तिकीट देता देता डोळे भरून यायचे.

"ताई, काही झालं का?"

"काई नाई झालं, मॅडम. काई झालं असतं तं बरं होतं."

पाळी बंद होत आली होती. झोप उडाली होती, छातीत सारखी धाकधूक. नवरा म्हणे, सगळ्याच बायांचं होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्या तिने पर्समध्येच ठेवल्या. "गोळीनं गुंगी येते. गुंगीत कोणी राह्यलं तं?"

पुढे ती चालत्या गाडीत सिंगल बेल द्यायला लागली. "एक बाई राह्यली मागं. मी पाह्यली." मागे रिकामा रस्ता आणि संत्र्याच्या बागा. ड्रायव्हर भला माणूस, थांबायचा. लोक कुरकुरायचे, डेपोत तक्रार करू म्हणायचे. तिला नोकरीची तेवढी भीती नव्हती. "मले माह्याच डोयाचा भरोसा नाई राह्यला," ती मला हळूच म्हणाली. "अन् खरंच कोणी असली तं?"

एक दिवस एका वळणावर बेल वाजली आणि ती खाली उतरून मागे चालत गेली. आम्ही मागच्या काचेतून पाहत होतो. बागेच्या कुंपणापाशी ती थांबली, कोणाशी तरी बोलली. मग कोणाला हात धरून आणावं तशी सावकाश परत आली.

"सरका थोडं, मॅडम."

मी सरकले.

"बसली. चाला, भाऊ."

मोर्शीपर्यंत माणसं उभी होती, पण माझ्या शेजारची ती जागा कोणी घेतली नाही. मी तिकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. रजेवर आहे म्हणतात. घरी फोन केला तर नवरा म्हणाला, झोपली आहे. प्रत्येक वेळी हेच म्हणतो.

परवा त्याच वळणावर बेल नसताना गाडी थांबली.

"काहून थांबले, भाऊ?" नव्या कंडक्टरने विचारलं.

"कोणी राह्यलं काय, पाहून राह्यलो," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला.

यावेळी कोणी कुरकुरलं नाही. गाडीतल्या बाया मागे वळून बघत होत्या. मला भीती वाटली, आणि तिची फार आठवण आली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

तरी मी थोडी सरकून बसले.