झाकण कोणी उघडायचं?

दुधाचा टँकर रिकामा व्हायला पाऊण तास लागतो. एकदा पाइप जोडला की हाताला काम नसतं, मग तोंडाला मिळतं! कुवेतमधल्या आमच्या डेअरीत असेच किस्से साचत गेले. बहुतेक माझ्यावरचे आहेत आणि मला शोभणारा त्यात एकही नाही.

*

मी इथला दूध उतरवून घेणारा सुपरवायझर. भारतात असताना रेल्वेचे दुधाचे टँकर उतरवायचो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं, "आमच्याकडे दुधाची अख्खी रेल्वे यायची!"

रत्नागिरीकडचे दाऊदचाचा वफ्राजवळच्या गोठ्यावरून टँकर आणायचे. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, इथे रूळ नाहीत. पाइप पकडा."

*

प्रवासात साय वर येते, म्हणून दूध ढवळूनच सॅम्पल काढायचं असतं. मी एकदा घाईत वरचंच काढलं. फॅट इतकं लागलं की मी गोठ्याच्या मालकाला फोन करून अभिनंदन केलं! त्याने खूश होऊन खजुरांची पेटी पाठवली.

दुसऱ्या दिवशी ढवळून पाहिलं, तर दूध नेहमीचंच. तोवर अर्धी पेटी माझ्या पोटात गेली होती.

चाचा म्हणाले, "उरलेली ढवळून खा!"

*

रमजानमध्ये भर दुपारी चाचा रोजा धरून उभे होते. दूध चाखून बघायची माझी जुनी सवय, मी त्यांच्यासमोरच कप तोंडाला लावला. त्यांनी मान वळवली.

"माफ करा, चाचा!"

"ते राहू द्या. आंबलंय का, तेवढं सांगा."

लाजेने मला चवच कळली नव्हती.

*

पुढचा किस्सा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

पंप लावण्याआधी टँकरचं वरचं झाकण उघडावं लागतं. नाहीतर आत हवा शिरत नाही आणि पत्रा आत ओढला जातो. शिडी चढून ते उघडणं माझं काम. त्या दिवशी मी फोनवर पुण्याच्या मित्राला रेल्वेचे टँकर रंगवून सांगत होतो. बोलता बोलता पंप सुरू केला. धाडकन आवाज झाला आणि चाचांचा टँकर चेपला!

मॅनेजरने रिपोर्ट मागितला. मी इंग्रजीत लिहिलं, झाकण ड्रायव्हरने उघडलं नाही. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंत, साहेब?"

"अपघात झाला, एवढंच."

त्यांनी लगेच सही केली.

पुढच्या महिन्यात कंपनीने त्यांचा इकामा वाढवला नाही. इकामा नाही म्हणजे देश सोडायचा. त्यांची मुलगी तिकडे गावी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी दोनदा मॅनेजरच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेवटच्या दिवशी चाचा नव्या ड्रायव्हरला काम दाखवायला आले. माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "हे आपले साहेब. रेल्वेचे टँकर उतरवलेत यांनी, मोठा माणूस! पण झाकण तू स्वतः चढून उघड. आणि सही करायच्या आधी कागद दुसऱ्याकडून वाचून घे."