डावीकडे ओढणारी मोटार

नोकरीत इतकी प्रकरणं हाताळली, की त्यातली बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या दरोड्यात कोण आरोपी होता असं कोणी विचारलं तर मला धड सांगता यायचं नाही. लढाईच्या दिवसांतलं ते मोटारीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. ते विसरलं असतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यात, सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. बेचाळीसनंतरचा काळ. खेड्यात खाकी टोपी दिसली की लोक दारं लावून घेत, आणि वरून रोज नवा हुकूम येई. बंदोबस्त करून करून आम्ही सगळेच पार पिचून गेलो होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. एका सकाळी पोलीस पाटलाचा माणूस वर्दी घेऊन आला, की मोटारीनं एका मेंढक्याला उडवलं आणि तो जागीच गेला.

जागेवर गेलो. चार दारांची जुनी मोटार डाव्या कडेच्या बाभळीला टेकून उभी होती. मोडतोड फारशी नव्हती. मोटार सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची. मालक साताऱ्यात होते आणि त्यांना आणायला ड्रायव्हर एकटाच निघाला होता. तो पळून गेला नव्हता. मेलेल्या माणसावर स्वतःचा कोट टाकून शेजारी बसला होता. मेंढका माण तालुक्यातला, दरसालाप्रमाणे मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरलेला. त्याची बायको जरा पलीकडे मेंढरं आवरत होती, कारण ती उसात शिरली असती तर आणखी एक भांडण उभं राहिलं असतं. तिला धड रडताही येत नव्हतं. मी पंचनामा लिहायला घेतला तेव्हा ती जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "सायेब, ह्ये कसं झालं त्ये मला कळाय पायजे." मी हो म्हटलं. असं हो आम्ही रोज म्हणत असू.

दुपारपर्यंत बाजारातून खबर आली, की ड्रायव्हर ताडी पिऊन गाडी हाकत होता. खबर देणारा व्यापाऱ्याच्या मुनिमाचा भाचा निघाला. त्यानंही ती कुणाकडून तरी ऐकली होती. ड्रायव्हरला समोर बसवून विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय साहेब, प्यालो हुतो. चूक माजी हाय. लिवा तसं."

हवालदार खूश झाला. एवढ्या लवकर कबुली मिळाली म्हणजे घरी जाऊन जेवता येणार. मला मात्र ते पटेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सकाळीच तपासलं होतं. तोंडाला वास नाही, डोळे स्वच्छ, असं त्यांनी लिहून दिलं होतं. ताडीच्या दुकानदारानंही सांगितलं, की हा गडी माझ्या दुकानात कधी आलेला नाही. सुटण्यासाठी खोटं बोलणारे रोज भेटत. त्यांची मला सवय होती. पण अडकण्यासाठी खोटं बोलणारा माणूस समोर आला की समजावं, तो कुणाला तरी मागे लपवतो आहे. मी दरडावलं, गोड बोललो, चहा पाजला. तो त्या एका वाक्यापुढे जाईना. मालकाशी भांडण होतं का विचारलं, तर नाही म्हणाला. गाडीत काही बिघाड होता का विचारलं, तेव्हा मात्र तो एकदम माझ्याकडे पाहून घाईनं म्हणाला, की गाडीत काहीच नव्हतं, गाडी उघडायची गरज नाही. मला हवं होतं ते तिथंच मिळालं.

पोलिसात येण्यापूर्वी मी चुलत्यांच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीवर काही वर्षं काढली होती, त्यामुळे मोटारीतलं मला थोडंफार कळे. मोटार ठाण्यावर मीच चालवत आणली. स्टेअरिंग इतकं जड, की दोन्ही दंडांना रग लागली. हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे ओढायची. सगळ्यात वाईट म्हणजे डावीकडे वळवून सोडलं तर चाक आपणहून सरळ होत नव्हतं, तिथंच अडून राहत होतं. वळवताना पुढून करकर आवाज, आणि दगडावरून गेलं की डाव्या चाकापाशी खट् खट्.

ठाण्याच्या आवारात मी बाह्या सरसावल्या. हवालदार बाकीच्यांना म्हणाला, साहेब आता मोटारीचा जबाब घेणार. हसू दे म्हटलं. आधी टायरची हवा पाहिली, ती दोन्हीकडे सारखी होती. मग पुढची बाजू जॅकवर उचलून चाकं हातानं फिरवली. दोन्ही मोकळी फिरली, म्हणजे ब्रेक धरत नव्हता. डावं चाक वरखाली धरून हलवलं तर ते खटखटलं. ज्या खिळीवर चाक वळतं ती किंगपिन झिजली होती. खटखटीचा उलगडा झाला, जडपणाचा नाही, कारण झिजलेली वस्तू सैल असते, जड नसते. शेवटी स्टेअरिंगचे दांडे सोडवले आणि एकेक चाक सुटं वळवून पाहिलं. उजवं जरा जोर लावल्यावर वळलं. डावं मला दोन्ही हातांनी वळेना.

ती किंगपिन ठोकून बाहेर काढली. तिच्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता. होता तो काळा, वाळून चिकट झालेला, बोटांना कचकचणारा थर. नाकाशी नेला तर जळलेल्या गवताचा आणि करंजेलाचा वास. बैलगाडीच्या आसाला घालायचं, गवताची राख तेलात कालवून केलेलं वंगण होतं ते. लाकडी आसाला ते चालतं. पोलादाच्या घट्ट बसवलेल्या खिळीत राखेची कचकच गेली, की ती खिळीला खातेही आणि धरूनही ठेवते. कुणीतरी ते ग्रीसगनमध्ये, ग्रीस मारायच्या पिचकारीत, भरून मारलं होतं.

ती खीळ मी ड्रायव्हरपुढे ठेवली. त्यानं ती पाहिली आणि तो रडू लागला. त्याचा बाप त्याच व्यापाऱ्याच्या घरचा जुना गाडीवान. मोटार आल्यावर बैलगाडीचं काम कमी झालं, तरी म्हातारा वाड्यावरच राही. लढाईमुळे ग्रीस मिळेना, पोराची ग्रीसगन रिकामी पडलेली. बेंदराच्या दिवशी म्हाताऱ्यानं बैल धुतले, शिंगं रंगवली, गाडीच्या आसाला नवं वंगण घातलं, आणि मोटारीला सणाच्या दिवशी कोरडं कसं ठेवायचं म्हणून तिलाही घातलं. पोरगा कसं करतो ते त्यानं शंभरदा पाहिलं होतं. पोराला हे कळलं ते दसऱ्याच्या सुमारास, ग्रीसगन उघडल्यावर. तोवर स्टेअरिंग जड झालंच होतं. त्यानं मालकांना सांगितलं, गाडी जड चालतीया, पुढनं खोलावी लागेल. मालक म्हणाले, ग्रीस मिळालं की बघू, तोवर चालव. त्या सकाळी समोरून बैलगाडी आली म्हणून त्यानं डावीकडे घेतलं, आणि चाक परत आलं नाही. मेंढका त्याच कडेनं चालला होता.

"साहेब, म्हाताऱ्याला कळू देऊ नका," तो म्हणाला. "मी प्यालो हुतो असंच लिवा. मी जेल भोगून यीन."

सांगली तेव्हा संस्थान, आमची हद्द नव्हे. परवानगी काढून तिथल्या जमादाराला सोबत घेऊन गेलो. म्हातारा वखारीच्या मागे बैलांना वैरण घालत होता. मी मोटारीचा विषय काढला तर त्याला आनंदच झाला. मोटार बेंदरापासून कशी गुमान चालते, हे त्यानं मला कौतुकानं सांगितलं. वंगण स्वतः केलं, बाजारातलं नव्हं, असंही सांगितलं. पोरानं दारू पिऊन माणूस मारला, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता आणि तो पुन्हा पुन्हा मला विचारत होता, आवं, माजं पोरगं प्यालं तरी कवा? मला तिथंच सांगून टाकता आलं असतं. मी जबाबावर त्याचा अंगठा घेतला आणि निघालो.

परत येताना दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. वंगण कुणी घातलं हे दडपलं, तर पोरगा दारुडा ठरून तुरुंगात जाणार, गाडी जड आहे हे ठाऊक असून चालवायला लावणारा मालक नामानिराळा राहणार, आणि त्या बाईला मी खोटं सांगणार. दडपलं नाही, तर म्हाताऱ्याला कळणार. वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, यात विचारायचं काय आहे, कागदावर जे आहे ते पाठवा. मी पाठवलं.

ड्रायव्हर आणि मालक दोघांवर खटला उभा राहिला. म्हाताऱ्याला साक्षीला बोलावणं भाग होतं. पिंजऱ्यात तो बेंदराचं सगळं पहिल्यासारखंच हौसेनं सांगू लागला. मग सरकारी वकिलानं त्याला ती खीळ दाखवली आणि समजावून सांगितलं.  म्हाताऱ्यानं पागोटं काढून हातात धरलं. पुढच्या प्रश्नांचा आग्रह मॅजिस्ट्रेटनीही धरला नाही.

ड्रायव्हर सुटला. मालकांना दंड झाला, त्यांनी तो तिथंच भरला. बाहेर चिंचेखाली ती धनगरीण उभी होती. म्हातारा तिच्या पायाशी जाऊन बसला. ती त्याला उठवत होती. "उठा बाबा," ती म्हणाली, "तुमी काय जानून केलं व्हय? मी न्हाई म्हनत तुमाला काय." तिला मी कबूल केलेलं उत्तर मिळालं होतं, आणि ते घेऊन ती मेंढरांकडे गेली. म्हातारा मात्र उठला नाही.

मी नोकरीत शिकलो ते असं, की खरं शोधून काढणं हे आमचं काम. ते कुणाच्या डोक्यावर पडणार, हे आमच्या हातात नसतं. पुढे नवीन फौजदारांना मी हे सांगे, आणि ते मान डोलवत. खटल्याच्या त्या दिवशी, बाहेर पडल्यावर, ड्रायव्हर माझ्यापाशी आला. मला वाटलं, आभार मानील. त्यानं नमस्कार केला, मग चिंचेखाली बसलेल्या बापाकडे पाहिलं.

"मी वरीसभर आत बसून मोकळा झालो असतो, साहेब," तो म्हणाला. "आता म्हातारा मरस्तवर बसंल."

 त्यानं बापाला दंडाला धरून उठवलं आणि दोघं सांगलीच्या रस्त्यानं चालत निघाले.