दोन्ही काठांचा पहिला गाळा

"पयले काठ सांगा, मंग नंबर सांगा." पुलावरचा म्हातारा मिस्त्री आमच्या नागपूरच्या कचेरीत आला की उभ्यानेच हे बजावायचा. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

त्याचा पूल जुना, लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणी कैच्यांचा. नदीकाठची दोन गावं जोडणारा, सात गाळ्यांचा, म्हणजे खांबाखांबांमधल्या सात भागांचा. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं, मी नवा कारकून. विचारलं, "मिस्त्री, एका पुलाले दोन मोजण्या काहून?"

"अजी, दोन टोळ्यायनं बांधला न! माहा आजा पल्याडच्या टोळीत होता. इकडच्यायनं इकडून मोजलं, तिकडच्यायनं तिकडून. लोखंड जुळलं, नंबर नाही जुळले. चौथ्या गाळ्यावर मात्र भांडण नाही, तो दोघायचाही चौथाच."

मला हसू आलं, पण डोक्यातला गोंधळ काही गेला नाही.

पट्ट्या जोडणाऱ्या रिवेटवर एका बाजूने हातोडी मारून दुसऱ्या बाजूला मिस्त्री बोट टेकायचा. बोट थरथरलं की रिवेट ढिला.

एकदा त्याची चिठ्ठी आली : दुसरा गाळा, पल्याडून, चार रिवेट ढिले. रजिस्टरात उतरवताना मी 'पल्याडून' सोडून दिलं. कचेरीत सगळं नागपूरकडूनच मोजत. दुरुस्तीच्या टोळीने अलीकडचा दुसरा गाळा तपासला, सगळे रिवेट घट्ट. साहेब भडकले. "म्हातारा चळला," म्हणाले आणि त्याला पुलावरून काढून गोदामात बसवलं.

आठवड्याने ती चिठ्ठी पुन्हा हाती लागली आणि मी सोडलेलं 'पल्याडून' दिसलं. गाळा चुकला, एवढंच मी साहेबांना सांगितलं. रिवेट बदलले गेले, मिस्त्री मात्र गोदामातच राहिला. चूक कोणाची हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय!

तो निवृत्त झाला, पुढे आजारी पडला. तेव्हा घरी जाऊन मी सगळं कबूल केलं.

"रिवेट बदलले न?"

"बदलले."

"मंग ठीक आहे. पण बाबूजी, माह्या पोरीले अजून वाटते, बाप चळला होता. येक कागद देता का लिहून?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर चूक मान्य केली. बोलणी खाल्ली, कागद लिहिला. त्यावर सही मिळायला आठ दिवस गेले.

कागद घेऊन गेलो तर दारात माणसं जमलेली. मुलगी बाहेर आली. तिने कागद उभ्यानेच वाचला, मग पुन्हा वाचला.

"पहाटे गेले बाबा. काल काहून नाही आणला जी?"

सही आदल्या दिवशी दुपारीच झाली होती. मी तेव्हाच का गेलो नाही, ते मला आजही सांगता येत नाही.