घाला पाणी!

सुभेदार तात्या कुणाच्याही दारात गेले की राम राम नंतर, आधी दोन्ही हात पुढे. "घाला पाणी!" घरातल्या कुणीतरी तांब्या आणून त्यांच्या हातांवर ओतला की हात झटकायचे, जमिनीवर मांडी ठोकून बसायचं आणि विचारायचं, "काय केलंय?" म्हणजे खायला काय केलंय. आमंत्रणाची वाट बघणं हा प्रकार त्यांना मंजूरच नव्हता. आमच्या घरी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला संताप आला. अर्थात, मी तेव्हा संतापाच्याच कामावर होते. पिवळ्या कागदावर पत्रकं छापायची, इंदापूरच्या स्टँडवर वाटायची, ग्रामसभेत उठून भांडायचं. तात्यांनी माझं नावच ठेवलं होतं, पत्रकबाई.

माणूस मूळचा सुप्याकडच्या जिरायती भागातला. फौजेतून निवृत्त झाल्यावर लेकीच्या गावी, म्हणजे आमच्या उसाच्या गावात, येऊन राहिलेला. उसाला नाकं मुरडायचे. "तुमच्या गावात ज्वारीचं एक कणीस दिसत न्हाय. ह्यापरास सुदानात बरं होतं, तितं ज्वारी तरी होती!"

हे सुदान त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी यायचं. शांतिसेनेची निळी टोपी घालून ते वर्षभर दक्षिण सुदानात होते. तिथली एकच गोष्ट ते सांगायचे, पण दर वेळी नव्याने पेटून. एका वस्तीवर शिध्याची पाकिटं वाटायची होती. गाडीतून उतरायचं, पाकीट द्यायचं, पुढे जायचं. बाहेरचं काही खायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. एका म्हातारीने पाकीट घेतलं आणि परत गाडीच्या बॉनेटवर आणून ठेवलं. दुभाष्याने सांगितलं, ती म्हणतेय, माझ्या दारात येऊन माझं खात नाहीस, मग तुझं मी का घेऊ?

"मी बंदूक शेजारच्या जवानाकडं दिली अन् हात पुढं केले," तात्या सांगायचे. "म्हातारीनं सुरईतनं पाणी घातलं. एकच परात, भोवती सात-आठ माणसं. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, वर भेंडी अन् सुक्या मासळीचं कालवण. बोटानं तोडायचं, बुडवायचं. आईशप्पथ, आईच्या हातची उकड आठवली!"

"पोट नाही बिघडलं?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"बिघडलं की! दोन दिस. साहेबांनी झापलं ते येगळंच. पण म्हातारीनं पाकीट घेतलं का न्हाय?"

ऐकायला छान होतं. पण मला तेव्हा ही म्हाताऱ्या फौजीची गंमत वाटायची. माझ्यापुढे खरी लढाई होती. दर थंडीत आमच्या गावचा भंडारा होतो. सगळं गाव पंगतीला. आणि त्याच वेळी गावाचा ऊस तोडायला बीडकडून आलेली टोळी ओढ्यापलीकडे पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहते. त्यांच्यासाठी पंगती उठल्यावर उरलंसुरलं बादल्यांतून जायचं. बादल्यांतून! त्यांनी तोडलेल्या उसावर गाव जगतं आणि जेवणाला मात्र ओढा आडवा. मी दोन पत्रकं काढली, ग्रामसभेत घसा बसेपर्यंत बोलले. भंडाऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या आबांनी शेवटी हात झटकले, "येऊ द्या बया त्यास्नी. पर आली न्हाईत तर परत हा विषय काढायचा न्हाय."

मी जिंकले! पत्रकं घेऊन उड्या मारत कोप्यांवर गेले. टोळीतली वडीलधारी कौसाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. म्हणाली, "बस बाई, गरम भाकर खा." मी म्हटलं, नको, जेवून आलेय, आणि पंगतीची बातमी सांगितली. तिने भाकरी उलटली. "आमी न्हाई येत. आमचं जेवण आमच्या कोपीत बरं."

कितीही समजावलं तरी तेच. तणतणत मी तात्यांकडे गेले. "ज्यांच्यासाठी भांडले तेच नाही म्हणतात!"

"तिनं जेव म्हणलं का तुला?"

"म्हणाली. मी नको म्हटलं. दिवसभर राबतात, त्यांच्या घासातला घास कशाला खायचा?"

तात्या जागचे उठले. "म्हंजी तिच्या दारात तूच पंगत नाकारलीस. चल."

कोपीपुढे त्यांनी हात पुढे केले. "कौसाबाई, घाला पाणी." ती गोंधळली. मग तिने आधी त्यांच्या आणि नंतर माझ्या हातांवर पाणी घातलं. आमच्यासाठी वेगळी ताटली काढू लागली तशी तात्या म्हणाले, "एकच ताट. तुमीबी बसा."

"तिखट लागंल, सुभेदार."

"लागू द्या. बंदूक घरी ठिवून आलोय."

कौसाबाई हसली आणि बसली. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, आणि ती दोघं मला हसतायत. पंगतीचा शब्दही तात्यांनी काढला नाही. उठताना कौसाबाईनेच विचारलं, "भंडारा कवा म्हणला?"

भंडाऱ्याच्या दुपारी पहिली पंगत बसायची वेळ झाली तरी ओढ्याकडे कुणी दिसेना. आबा माझ्याकडे बघून मिशीत हसले. आणि तेवढ्यात आली! अख्खी टोळी, धुतलेल्या कपड्यांत, पुढे कौसाबाई, डोक्यावर टोपलं. ती सरळ पंगतीत शिरली आणि टोपलं उतरवून वाढायलाच लागली. प्रत्येकाच्या पत्रावळीवर चतकोर भाकरी, बोटभर ठेचा. आबांपाशी आली. आबांचा हात पत्रावळीवर आडवा झाला. वाढपी जागच्या जागी थांबले. मी तोंड उघडणार, तर तात्यांनी माझं मनगट दाबलं. कौसाबाई चतकोर हातात धरून उभीच.

आबांनी हात काढला. भाकरी मोडली. ठेचा लावून खाल्ला आणि असे ठसकले की अख्खी पंगत हसली. "पाणी आण की गं!" ते कौसाबाईवरच ओरडले. तिने तांब्या उचलला, आणि तात्यांनी तिला हाताला धरून आबांच्या शेजारी बसवलं.

त्या उन्हाळ्यात तात्या गेले. हंगाम संपवून बीडकडे गेलेल्या टोळीला ते दिवाळीनंतर, परत आल्यावर कळलं. मीच सांगायला गेले होते. पिशवीत नवी पत्रकं होती, राहण्याच्या जागेबद्दल, पाण्याबद्दल. राग माझा काही कमी झालेला नाही. कौसाबाई चुलीशी बसलेली. मला बघून तिने ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं, माझ्यामागे तात्या येतायत का म्हणून.

मी मानेनेच नाही म्हटलं. पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. तिने तांब्या उचलला.