शिवकांताक्काचा चौथा शनिवार

लातुरात गोलाईच्या मागच्या गल्लीत बसलिंगप्पा शेटजींची जुनी आडत होती. शेटजी गेले, पोरं हैदराबादला स्थायिक झाली, आडतीला कुलूप लागलं. वर पोती ठेवायचा माळा होता, तो आनंदराज नावाच्या एका तरुणानं भाड्यानं घेतला. चुना मारला, सतरंज्या अंथरल्या, दोन दिवे टांगले आणि म्हणाला, इथं दर शनिवारी गाणं होईल. कुणाचं? तर ज्याला कुणी बोलवत नाही त्याचं. स्वतःचं गाणं स्वतः रचून स्वतःच म्हणणाऱ्याचं. गल्लीनं कपाळाला हात लावला. तुरीच्या धुळीत गाणं ऐकायला कोण मरायला येतंय? पण त्या माळ्यावर साठ माणसं मावतात आणि दर शनिवारी साठ येतात, हेही खरं.

जिन्याच्या तोंडाशी एक फळा आहे. महिन्याचे चारही कार्यक्रम आनंदराज त्यावर खडूनं आधीच लिहून ठेवतो. फेब्रुवारीचा फळा असा होता. पहिल्या शनिवारी नांदेडची आरती, गिटारवर तिची स्वतःची गाणी. दुसऱ्या शनिवारी किनवटच्या वसतिगृहात शिकलेले दोन मित्र, ढोल आणि रॅप. तिसऱ्या शनिवारी कंधारच्या बँडातला क्लॅरिनेटवाला, वरात सोडून पहिल्यांदाच एकटा. आणि चौथ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, शिवकांता मलप्पा. पदं आणि पाळणा.

हे नाव वाचून गल्लीतली माणसं थबकायची. शिवकांताक्काला लातुरात कोण ओळखत नाही? पण तिचं नाव निघतं ते घरात मयत झाल्यावर. तेव्हा कुणीतरी म्हणतं, "अक्काला बोलवा." एरवी तिचं नाव तोंडी येऊ नये म्हणून लोक जपतात.

वीरशैवांत माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे गेला, की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात आणि भिंतीला टेकवून बसवतात. समोर भजन बसतं आणि उचलेपर्यंत चालतं. शिवकांताक्का टाळ घेऊन बरोबर त्या बसवलेल्या माणसासमोर बसायची आणि त्याच्या तोंडाकडे बघून गायची. शेवटच्या पदात, अगदी शेवटच्या ओळीत, त्याचं नाव घालायचं. "हात जोडुनी भोळ्या सांबाला," आणि पुढं नाव, आणि "लिंगैक्य झाला." ते नाव तिच्या तोंडून आलं की घरातल्या बायकांना रडू फुटायचं आणि पुरुष उठून खांद्याच्या तयारीला लागायचे. अडतीस वर्षं तिनं हेच केलं. कुणाकडून पानाचा विडासुद्धा घेतला नाही.

शिकली ती बापाकडून, उदगीरच्या मठात. लग्न होऊन लातुरात आली, दोन वर्षांत सासरा गेला, आणि त्या दिवशी भजनी मंडळाचा गाणारा नेमका तापानं फणफणलेला. म्हणून ही चोवीस वर्षांची सून पदर खोचून बसली आणि गायली. सगळी गल्ली खामोश झाली. दुसऱ्या महिन्यात शेजारच्यांनी बोलावलं, तिसऱ्या महिन्यात पार औश्याहून माणूस आला.

मग अमरनाथ झाला. बाळंतिणीच्या खोलीत तिनं पाळण्याची दोरी धरली, जरा गुणगुणली, एवढ्यात सासू दारात. नागम्मा तिचं नाव. म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं.

"तोंड मिट," ती म्हणाली. "तुझ्या गळ्यात मढं बसलंय. माझ्या नातवाजवळ गायचं न्हाई. या घरात गायचंच न्हाई."

नवऱ्यानं, मलप्पानं, काय केलं? चप्पल घातली आणि दुकानाला गेला. आईपुढं त्याची कधी ब्र काढायची हिंमत झाली नाही. लेकाला नागम्मा जोजवायची, घोगऱ्या आवाजात, आणि आई स्वयंपाकघरात ओठ मिटून भाकरी थापायची. तिनं मनातल्या मनात एक पाळणा रचला होता. चाल मात्र मयतीच्या शेवटच्या पदाचीच होती, कारण दुसरी चाल तिला येतच नव्हती. बाळाचं नाव शेवटच्या ओळीत होतं. तो पाळणा तिनं अडतीस वर्षांत एकदाही म्हटला नाही. पुढं नागम्मा गेली, मलप्पा गेला, मनाई करणारं कुणी उरलं नाही, तरी घरात तिच्या तोंडून सूर फुटला नाही. नातू झाला, शिवांश, त्यालाही ती नुसती थोपटायची.

आणि अमरनाथ? शाळेत पोरं त्याला मयतवालीचा म्हणायची. तेव्हापासून ज्या घरी आई गाते त्या घरी तो पाय ठेवत नाही. माणूस जवळचा असला तर थेट समाधीच्या, म्हणजे पुरायच्या, जागी जाऊन उभा राहतो. आता त्याचं औषधाचं दुकान आहे, बायको मंजुश्री समजूतदार आहे, पण आईचं गाणं हा विषय त्या घरात निघतच नाही. आपली आई कशी गाते हे सगळ्या लातुराला माहीत आणि या एकट्याला नाही. असलं दुःख सांगायचं तरी कुणाला?

तिनं ते आनंदराजला सांगितलं. बसलिंगप्पा शेटजींच्या मयतीला तो मागं उभा होता, आणि पुढं माळा चालू झाल्यावर घरी येऊन म्हणाला, "अक्का, आमच्या माळ्यावर गाताल का?"

"माळ्यावर कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाई. जित्यांसाठीच."

 ती म्हणाली, "गाते. पण एक सांगते, मला तुमच्या साठ माणसांचं काही न्हाई. मला माझ्या लेकाला ऐकवायचं हाय. त्यानं एकदा माझा पाळणा ऐकला की माझं झालं."

तिन्ही शनिवार ती माळ्यावर जाऊन कोपऱ्यात बसली. नांदेडच्या आरतीचं गाणं संपल्यावर टाळ्या वाजल्या तशी ती दचकली. गाण्याला टाळ्या असतात हे तिला ठाऊक होतं, पण अंगावर कधी आल्या नव्हत्या. किनवटच्या पोरांचं तिला ओ की ठो कळलं नाही, तरी मान डोलावली. कंधारचा क्लॅरिनेटवाला वाजवता वाजवता रडला, तेव्हा तिला वाटलं, हा आपल्यातला आहे. ज्याचं त्याचं वाद्य ज्याच्या त्याच्या नशिबाला जुंपलेलं असतं.

दुपारी आनंदराज तिची तयारी करून घ्यायचा. पाळणा तिनं त्याला म्हणून दाखवला, पण शेवटच्या ओळीशी थांबली.

"आणि शेवट, अक्का?"

"ते त्या दिवशी. नाव आधी घ्यायचं नसतं."

तिच्या मंडळाचा हा दंडकच. माणूस समोर बसवल्याशिवाय पदात त्याचं नाव घ्यायचं नाही, सरावाला तर मुळीच नाही, नाहीतर नाव घेतल्यानं मरण यायचं. हा मयतीचा दंडक, पाळण्याला कशाला लावायचा, असं तिला कुणीतरी बजावायला हवं होतं. आनंदराजला काय कळणार? त्यानं मान हलवली आणि उजेड कुठून पाडायचा ते बघू लागला.

घरी मंजुश्रीनं विषय काढला. "अहो, आत्याबाईंचं नाव फळ्यावर लागलंय." अमरनाथनं ऐकलं आणि जेवत राहिला. आठवडाभर चकार शब्द नाही. शिवकांताक्काचा जीव टांगणीला. शुक्रवारी सकाळी दुकानाला निघताना तो उंबऱ्यावर थांबला, चपलेचा पट्टा नीट करत राहिला, आणि खाली बघूनच म्हणाला, "किती वाजता हाय?"

"सहाला," ती म्हणाली. तो गेल्यावर देवघरात जाऊन ती ढसाढसा रडली. आनंदानंच रडली.

शनिवारी माळा गच्च भरला. कॉलेजची पोरंपोरी जास्त, थोडे गल्लीतले. अमरनाथ वेळेवर आला. पुढं अजून जागा होती, पण लाजरा माणूस, मागच्या भिंतीला टेकून मांडी घालून बसला. अक्का बरोबर त्याच्या समोर, चौरंगावर, मधली माणसं खाली बसलेली, त्यामुळं तोंड स्वच्छ दिसत होतं.

तिनं आधी बापानं शिकवलेली तीन पदं म्हटली. काय तो आवाज लागला. साठीतली बाई, पण गळ्याला कुठं चीर नाही. पोरं फोन खाली ठेवून ऐकत होती. टाळ्या पडल्या, पण या खेपेला ती दचकली नाही. मग तिनं टाळ मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता पाळणा. हा माझ्या लेकाचा हाय. त्यानं न्हाई ऐकला कधी."

अमरनाथचा चेहरा हलला. मग त्यानं तो आवरला. रडू येऊ नये म्हणून पाठ भिंतीला घट्ट लावली, हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले, आणि तसाच बसून राहिला. जराही हालचाल नाही.

ती गाऊ लागली.

"निंबाच्या फांदीला झोळी बांधिली,
मायेची पासोडी खाली अंथरली,
चांदणं पडलं बाई अंगणाला,
वारा बी थांबला दाराला."

गाताना ती त्याच्याकडे बघत होती, जन्मभराच्या सवयीनं, एकटक. समोर भिंतीला टेकवून बसवलेला माणूस, मिटलेले डोळे, गुडघ्यांवर हात. चाल तीच. ठेका तोच. नावाची जागा आली, आणि जिभेनं अडतीस वर्षांचं काम केलं.

"हात जोडुनी भोळ्या सांबाला,
अमरनाथ लिंगैक्य झाला."

"अमरनाथ माझा झोपी गेला" असं होतं ते. मनात लाखदा म्हटलेलं, तोंडानं एकदाही नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या पोरांना काय ठाऊक. एक मुलगी तर डोळे पुसत होती. गल्लीतली दोन-तीन म्हातारी माणसं तेवढी टाळी न वाजवता एकमेकांकडे बघत राहिली. दिव्याच्या बटणाशी उभा असलेला आनंदराज पांढराफटक पडला, कारण त्यानं ही ओळ शेटजींसमोर ऐकली होती. अमरनाथनं डोळे उघडले. आईचं तोंड अजून उघडंच होतं. मग तिनं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

तो उठला. बसलेल्या माणसांतून वाट काढत पुढं आला आणि तिचा दंड धरून तिला उभं केलं. "चल आई, घरी जाऊ," एवढंच बोलला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. गाडीवर मागं बसून ती वाटभर त्याच्या सदऱ्याला धरून होती. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता तिनं मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि तो उंबऱ्याबाहेर असतानाच त्याच्यावरून सात वेळा उतरवल्या. चाळीशीला आलेला माणूस निमूट उभा राहिला. मंजुश्रीनं काय झालं म्हणून विचारलं. अमरनाथ गाडी आत घ्यायला वळला.

रविवारी सकाळीच ती माळ्याखाली गेली. आनंदराजनं मार्चचा फळा लिहून ठेवला होता आणि दुसऱ्या शनिवारी पुन्हा तिचं नाव घातलं होतं.

"पोरं तुमचंच विचारायलीत, अक्का," तो म्हणाला. "कुणाला कळलं न्हाई ते."

"मला कळलं की," ती म्हणाली. पदराच्या टोकानं तिनं स्वतःच आपलं नाव पुसलं. मयतीला बोलवायला माणूस आला तर न्हाई म्हण, असं घरी येऊन मंजुश्रीला सांगितलं.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. दुपारी अमरनाथ स्वयंपाकघरात येऊन तिच्यापाशी फरशीवर बसला. ती तांदूळ निवडत होती.

"आई, आजी जे बोलायची ते काही खरं न्हाई," तो म्हणाला. "मी हाय की इथं."

ती खडे वेचत राहिली.

"शेवटची ओळ सोड. पहिल्या चार ओळी म्हण एकदा. मागं बसलो व्हतो, मला नीट ऐकू आलं न्हाई."

शब्द न् शब्द ऐकू आला होता त्याला. ती आई होती, तिला कळत होतं. अडतीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते तिचं लेकरू स्वतः येऊन मागत होतं. तिनं ओठ उघडले. पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

"मागू नको रं," ती म्हणाली. "माझ्या जिभेचा भरवसा न्हाई आता."

तो अर्धा तास तिथंच बसला. मग शिवांश उठून रडायला लागला, तेव्हा त्याला घ्यायला गेला.

याला आता वर्ष होत आलं. माळ्यावर शनिवार चालू आहेत, फळ्यावर दर महिन्याला नवी नावं लागतात. शिवकांताक्का गात नाही, मेलेल्यांसाठी नाही आणि जित्यांसाठीही नाही. लेकाला ती "अरे" म्हणते, "बाबा" म्हणते, "ऐकलास का" म्हणते. नावानं मात्र हाक मारत नाही. दुकानातून यायला त्याला उशीर झाला की ती दारात येते, गल्लीच्या टोकापर्यंत बघते. कधी तो टोकाशी कुणाशी बोलत उभा दिसतो, जेवण थंड होत असतं. तरी ती हाक मारत नाही. त्याचं त्याला ध्यानात येऊन तो घराकडे वळेपर्यंत तशीच उभी राहते.