वाकड्या काठाचं माप

शिरूरच्या कॉलेजात गणित शिकवणारे एक सर माझ्याकडे जेवायला असत. ताटातला भात गार झाला तरी त्यांचं बोलणं थांबत नसे, आणि दर वाक्याआधी "असं बघा" म्हणायची खोड होती. मला त्यांचा कंटाळा यायचा.

त्या वर्षी मी आणि माझ्या दिरांनी घोडनदीकाठचं शेत वाटून घ्यायचं ठरवलं. नदीकडची कड वाकडीतिकडी, त्यामुळे निम्मं कुठं होतं ते कळेना; मी अंदाजानं केलेली खूण दिरांना पटेना, भांडण जुंपलं आणि पेरणी अडली. सर दोरी घेऊन आले. बांधापासून पाण्यापर्यंत शेताचे अरुंद पट्टे पाडून ते एकेक मोजू लागले.

"मास्तर, शेत हाय का वडी?" दीर म्हणाले.

"असं बघा आप्पा, पट्टा अरुंद केला की त्याची कड सरळ धरता येते. सगळे पट्टे मिळवले की शेत होतं. कॉलेजात हेच शिकवतो."

काठ जिथं जास्त वळला होता तिथं त्यांनी पट्टे आणखी बारीक केले. मग बेरीज करून मला म्हणाले, "काकू, तुमची खूण आप्पांच्या वाट्यात गेलीय. मागं घ्या."

"जेवता माझ्याकडं, आन् बाजू त्यांची?"

"जेवण चांगलंच आहे. पण खूण मागंच."

दीर हसले. "वहिनी, तुमच्या घरी जेवणारा माणूस तुमच्याच विरुद्ध बोलतोय. मंग मापात खोट न्हाई." सरांनी दाखवलेल्या जागी त्यांनी स्वतः दगड रोवला.

दुसऱ्या दिवशी दगडाच्या दोन्ही बाजूंना पेरणीची पाभर चालली.